लाडू जेवत नाही: एका लाजऱ्या अजगराच्या १२७ दिवसांच्या उपासाची हकीकत

२३ डिसेंबर २०२३, शनिवार. लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये एका मराठी कुटुंबाकडे मी दुपारी पोचले. आजींनी आधी पाणी दिलं आणि मग एक वही पुढे केली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी, रत्नागिरीहून येताना हिशेबासाठी आणलेली. पहिल्या दोन पानांवर खरंच हिशेब होता. तिसऱ्या पानापासून असं:

९ ऑक्टोबर. उंदीर दिला. नाही खाल्ला.
१२ ऑक्टोबर. उंदीर दिला. तोंड फिरवलं.
१५ ऑक्टोबर. उंदीर दिला. गोळा झाली.

अशा एकोणीस नोंदी. शेवटच्या चार नोंदी लागोपाठच्या चार दिवसांच्या, आणि त्यांत अक्षर जरा घाईचं.

मी इथे विदेशी प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. "साप जेवत नाही" हे वाक्य आमच्याकडे ऑक्टोबर ते मार्च या काळात जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येतं. बहुतेक वेळा माणसांनी आधी काय काय केलं याची नीट नोंद नसते. इथे ती तारीखवार होती, म्हणून कुटुंबाला विचारून हे सविस्तर लिहिते आहे. कोणाचीही नावं देत नाही. सापाचं नाव तेवढं देते: लाडू.

लाडू म्हणजे बॉल पायथन, ज्याला ब्रिटनमध्ये रॉयल पायथन म्हणतात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. पूर्ण वाढला तरी साधारण तीन ते पाच फूट. घाबरला की डोकं मधोमध लपवून अंगाचा घट्ट गोळा करतो, त्यावरूनच त्याचं इंग्रजी नाव पडलं आणि या घरातल्या बारा वर्षांच्या मुलीने त्यावरूनच लाडू हे नाव ठेवलं. जंगलात हा प्राणी दिवसभर उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत पडून असतो. वारूळ म्हटलं की आपल्याला साप आठवतोच, तिकडेही तसंच आहे. फिरतो तो रात्री, आणि तेही बेताने. दबा धरून बसायचं, भक्ष्य जवळ आलं की झडप घालायची, हा त्याचा धंदा. म्हणजे लाडू लाजरी होती यात विशेष काही नव्हतं. ही सगळी जातच लाजरी आहे.

७ ऑक्टोबरला ती घरी आली, वय साधारण एक वर्ष, मादी, वजन ३१२ ग्रॅम. दुकानदाराने दिलेल्या कार्डावर शेवटचं खाणं २९ सप्टेंबरचं होतं. मी गेले त्या दिवशी माझ्या काट्यावर ती २८७ ग्रॅम भरली. पंचवीस ग्रॅम गेले होते, म्हणजे आठ टक्के.

मुलीची आई दारातच म्हणाली, "ताई, आम्ही काही कमी केलं नाही हो." ते शब्दशः खरं होतं. कमी काहीच केलं नव्हतं.

काचपेटी दिवाणखान्यात होती. एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला देवघराचा कोनाडा, समोरून स्वयंपाकघरात जायची वाट. पेटी चांगली मोठी होती, पण चारही बाजूंनी उघडी काच. आत लाकडाचा एक अर्धगोल ओंडका, दोन्ही तोंडांनी उघडा, त्याखाली तिच्यासारख्या तीन जणी मावतील एवढा. लाडू त्याच्याखाली न बसता पाण्याच्या भांड्यामागे, काचेच्या कोपऱ्यात अंग दाबून बसली होती. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलं की या जातीला आपण लपलोय असं वाटतं. ओंडक्याखाली तिला फक्त डोक्यावर छप्पर मिळत होतं.

काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेलं गोल काट्याचं थर्मामीटर ३१ अंश दाखवत होतं. वडिलांनी ते मला आवर्जून दाखवलं, कारण ३१ हवं असं त्यांनी वाचलं होतं आणि दिवसातून तीनदा ते बघत होते. मी माझी तापमानाची बंदूक जमिनीवर रोखली. उबदार कोपऱ्यात २६, थंड कोपऱ्यात २१. काटा दिव्याच्या रेषेत, वरच्या हवेत होता. साप राहतो जमिनीवर. त्या रात्री कमाल-किमान नोंदवणारा साधा डिजिटल सेन्सर आत ठेवून आले. सकाळी वडिलांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. रात्रीत पारा १८.५ वर गेला होता. "तिलाही झोप हवी" म्हणून दिवा टायमरने नऊला बंद होत होता आणि घराचं हीटिंग दहाला.

हे प्रकरण जर एका आकड्यावर तोलायचं झालं तर मी हा आकडा निवडेन. अजगराचं पोट चुलीसारखं असतं, आच बाहेरून मिळाली तर आतलं शिजतं. खाल्ल्यावर त्याची आतडी, यकृत सगळं कामाला लागतं, वाढतं, आणि त्याला ऊब लागते. ती नसेल तर गिळलेला उंदीर पचायच्या आधी पोटातच कुजायला लागतो, आणि साप तो उलटून टाकतो. ते उपासापेक्षा कितीतरी वाईट. साडेअठरा अंशांच्या रात्रीत लाडूने तोंड फिरवलं, यात हट्ट नव्हता. तिचं शरीर बरोबर सांगत होतं.

बाकीच्या गोष्टी वहीतून आणि बोलण्यातून उलगडत गेल्या. मुलगी रोज शाळेतून आली की अर्धा तास तिला हातात घेत होती, सवय व्हावी म्हणून. १२ नोव्हेंबरला दिवाळी होती, त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येकाने तिच्याबरोबर फोटो काढला. "हातात अगदी शांत असते," मुलगी म्हणाली आणि तिने फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत गोळा होता, डोकं आत. ती शांतता नव्हती. मुलीला हे सांगताना मला जड गेलं, कारण तिने आधीच आईला विचारलं होतं की लाडूला मी आवडत नाही का.

आणि जेवणाची पद्धत. संध्याकाळी पाच वाजता, सगळे दिवे लावून, पाचही जण पेटीभोवती. गोठवलेला उंदीर पाच मिनिटं नळाच्या गरम पाण्यात धरायचा, मग ठिबकत असलेला तसाच चिमट्यात पकडून वरून तिच्या तोंडासमोर हलवायचा. ती मागे गेली की चिमटा पुढे. अजगराच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला ऊब "दिसते". त्या खळग्यांना वरून गार, मधे बर्फ, बाहेरून ओला असा काहीतरी डोक्यावर येताना जाणवत होता. खाणं तसं येत नाही. वरून तोंडावर येतो तो शत्रू, घारीसारखा.

तिने नाही म्हटलं की दोन-तीन दिवसांनी पुन्हा, शेवटी तर रोज. आपल्याकडे पानावरून कोणी उपाशी उठलं तर घरातल्या बाईला रात्री झोप लागत नाही. आग्रह हे आपलं प्रेम करण्याचं रूप आहे, आणि या घरात त्या प्रेमाची कमतरता नव्हती. पण लाडूच्या बाजूने बघितलं तर ७७ दिवसांत एकोणीस वेळा तिच्या तोंडावर कोणीतरी चाल करून आलं होतं.

उंदीर म्हणजे कुठला उंदीर?

वहीत सगळीकडे "उंदीर" लिहिलं होतं. फोनवर आईने मला उंदीरच सांगितलं होतं, मीही पुढे विचारलं नव्हतं. निघायच्या आधी फ्रीझरमधला डबा बघायला मागितला (तो त्यांनी अन्नापासून वेगळ्या खणात, वेगळ्या झाकणबंद डब्यात ठेवला होता, हे फार बरोबर केलं होतं. गोठवलेल्या उंदरांतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू माणसांपर्यंत येऊ शकतो). पाकिटावर इंग्रजीत रॅट होतं, म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर. दुकानाच्या कार्डावर माऊस, म्हणजे लहान जातीचा.

मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणतो आणि आपलं काही अडत नाही. सापाच्या जिभेला मात्र ते दोन वेगळे प्राणी आहेत, दोन वेगळे वास. लहानपणापासून माऊसवर वाढलेला अजगर रॅटला खाणं म्हणून ओळखेलच असं नाही, आणि उलटही तसंच. वडिलांनी वाचलं होतं की पुढे तिला रॅटच द्यावे लागणार, मग आत्ताच सवय लावलेली बरी. विचार चुकीचा नव्हता. पण नवं घर, थंड जमीन, रोजची हाताळणी आणि वर अनोळखी पदार्थ, असं सगळं एकदम आलं. वही मराठीत होती, पाकीट इंग्रजीत होतं, आणि अकरा आठवडे ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नाही.

आजींनी त्या दिवशी दुधाचंही विचारलं. "वाटीभर देऊन बघायचं का गो? नागपंचमीला पितात ना." मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते, कारण हा प्रश्न रत्नागिरीत जेवढा येतो तेवढाच स्लाउमध्ये येतो. सापाला दूध पचत नाही. गारुडी नागाला आधी कित्येक दिवस पाण्याविना ठेवतात, मग तहानलेला जीव समोर येईल ते पितो. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

२८ डिसेंबरला लाडूला दवाखान्यात आणलं. घरात बदल केले होतेच, पण न जेवणाऱ्या सापाच्या बाबतीत "सगळं पेटीमुळेच" असं गृहीत धरणं धोक्याचं. तोंड उघडून हिरड्या बघितल्या, चिकट स्राव नाही, सूज नाही. श्वासाला घरघर नाही, नाकपुड्यांवर बुडबुडे नाहीत. खवल्यांच्या फटींत आणि डोळ्यांच्या कडेला गोचिडीसारखे बारीक माइट्स नाहीत. विष्ठेच्या तपासणीत जंत नाहीत. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचा एक कडा मात्र अडकून राहिला होता, आणि त्वचेला किंचित सुरकुत्या. म्हणजे हवा कोरडी. बदलांआधी पेटीतली आर्द्रता ३५ टक्के होती, जेव्हा ती ६० च्या वर हवी.

आमच्या डॉक्टरांनी नळीने भरवायला स्पष्ट नकार दिला. आठ टक्के वजन गेलेल्या, बाकी धडधाकट जनावराचं तोंड जबरदस्तीने उघडून खाणं आत घालणं म्हणजे ज्या भीतीमुळे ती खात नाही तीच दुप्पट करणं. त्यांनी एक रेषा ठरवून दिली: वजन २७५ ग्रॅमवर आलं तर रक्त तपासू आणि मग पुढचं बोलू. तोपर्यंत हात लावायचा नाही. मला अशी ठरलेली रेषा फार मोलाची वाटते. ती नसली की घरच्यांना दर दिवशी आज काहीतरी करायला हवं असं वाटत राहतं.

बदल आदल्या दिवशीच केले होते. पेटी वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत गेली, जिथे उदबत्तीचा धूर नाही, फोडणीचा खकाणा नाही आणि कोणाची ये-जा नाही. तीन बाजूंना बाहेरून काळा पुठ्ठा. जाळीच्या झाकणावर लाल दिव्याऐवजी सिरॅमिक हीटर, जो प्रकाश न देता ऊब देतो, आणि त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानावर हीटर चालू-बंद करणारं यंत्र. थर्मोस्टॅट आधी नव्हताच, आणि त्यावाचून कुठलाही हीटर लावू नये, साप भाजलेले मी पाहिले आहेत. उबदार बाजूची जमीन ३२, थंड बाजू २६, रात्री कुठेही २४ च्या खाली नाही. झाकणाची अर्धी जाळी फॉइलने झाकली, ओलावा टिकायला. दोन लपायच्या जागा, दोन्ही एकसारख्या, एक उबेत एक गारव्यात, एकच तोंड असलेल्या आणि वेटोळं जेमतेम मावेल एवढ्याच. दोन्ही एकसारख्या कशासाठी, तर ऊब हवी की सुरक्षितता हवी अशी निवड तिला करावी लागू नये.

तळाला वर्तमानपत्र होतं, तिथे नारळाच्या काथ्याचा भुसा घातला. तो इथे विटेच्या आकारात दाबून मिळतो, पाण्यात टाकला की फुगतो. आजींनी बादलीत हात घालून तो मुठीत दाबला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "हा तर आपला काथ्या." मग मी सांगायच्या आधीच त्यांनी पाणी बरोबर मोजून घातलं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण थेंब पडू नये, इतपतच. सुपारीची रोपं लावताना जे हातांना कळतं ते इथे कामाला आलं. पेटीतली आर्द्रता पुढचे तीन महिने त्यांनीच सांभाळली आणि ती एकदाही ६० च्या खाली गेली नाही.

मग थांबायचं होतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम हेच, आणि घरच्यांनी ते कसं केलं हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नियम असा: हाताळायचं नाही, काच ठोकायची नाही, खाणं दाखवायचं नाही. दिवसातून एकदा पाणी बदलायचं, आकडे लिहायचे आणि दार लोटून घ्यायचं. वजन दोन आठवड्यांतून एकदा, तेही तिला हातात न धरता, लपायच्या खोक्यासकट उचलून काट्यावर. खोक्याचं वजन आधी करून ठेवलं होतं. मुलीने हे मान्य केलं, पण पहिले काही दिवस ती बंद दाराबाहेर बसून गृहपाठ करायची. वडील कामावरून आले की आधी जिन्याकडे बघायचे. आजींना सगळ्यात जड गेलं. चौथ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "अगो, उपाशी जीव घरात, आणि आपण जेवतोय."

मी त्यांना सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या याच जातीच्या एका मादीबद्दल सांगितलं. ती १९६१ मध्ये तिथे आली, आणि २०२० मध्ये, साठी उलटल्यावर, कित्येक वर्षं नराचा सहवास नसताना तिने अंडी घातली. घरात पाळलेले बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतात. एवढ्या लांब पल्ल्याच्या जिवाला काही महिन्यांचा उपास हा आपल्यासारखा उपास नसतो. हिवाळ्यात तर धडधाकट मोठे नर महिनोन् महिने खाणं सोडतात. (लहान पिल्लांना मात्र हे लागू नाही. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू चार-सहा आठवडे खात नसेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.)

आजींचं समाधान यातल्या कशाने झालं हे मला नक्की सांगता येणार नाही, कारण दोन दिवसांनी त्यांनीच दुसरी गोष्ट काढली. त्यांच्या सासरच्या मांगरात एक धामण असे. पावसाळ्यात भाताच्या पोत्यांमागे दिसायची, तिच्यामुळे उंदीर कमी. "तिला कधी कोणी वाढलं नाही," आजी म्हणाल्या. "आम्ही तिकडे बघतसुद्धा नव्हतो." त्यानंतर फोन आला नाही.

५ जानेवारीला लाडूचे डोळे दुधाळ निळे झाले. कात टाकायच्या आधी असं होतं, तेव्हा सापाला धड दिसत नाही आणि तो आणखीच बुजतो. या काळात खाणं द्यायचं नाही. १२ जानेवारीला सकाळी कात सापडली, डोळ्यांवरच्या पारदर्शक झाकणांपासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, मोजा उलटा काढावा तशी. जुना अडकलेला कडाही त्यात निघून आला होता. मुलीने ती वर्तमानपत्रात वाळवून ठेवली. दुसऱ्या दिवशी वजन २८४.

१५ जानेवारीला, संक्रांतीच्या संध्याकाळी, पहिला प्रयत्न. या वेळी माऊस, वीस ग्रॅमचा. रात्रभर फ्रीजमध्ये हळूहळू वितळवलेला, मग बंद पिशवीत घालून चाळीस अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, मग कोरडा पुसून डोक्याकडचा भाग केस वाळवायच्या यंत्राने आणखी थोडा गरम. मायक्रोवेव्ह कधीच वापरायचा नाही, उंदीर आतून जागोजागी शिजतो आणि फुटतो. रात्री साडेनऊला, अंधारात, उबदार बाजूच्या खोक्याच्या तोंडापाशी पाटीच्या दगडाच्या तुकड्यावर ठेवला. लाडूने डोकं बाहेर काढलं, जीभ तीन-चार वेळा लवलवली, आणि मी दाराच्या फटीतून मंद टॉर्च मारला. मला बघायचं होतं. डोकं तत्क्षणी आत गेलं आणि सकाळपर्यंत आलं नाही. ही चूक माझी होती, घरच्यांनी तर सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं आणि वहीतही तसं लिहायला लावलं.

दहा दिवस मधे गेले. २५ जानेवारीला तसाच उंदीर तसाच ठेवला, कोणीही बघितलं नाही. सकाळी जागेवर होता.

१ फेब्रुवारीला वजन २८१. मूळच्या वजनातले दहा टक्के गेले होते, आणि डॉक्टरांची रेषा सहा ग्रॅमवर आली होती. ऊब वाढली की शरीर जास्त खर्च करतं, हे मला माहीत होतं, मी आईला समजावलंही. पण त्या रात्री मलाही चैन नव्हतं.

दोन गोष्टींनी पुढचा रस्ता दाखवला. पहिली मुलीची. लहान बाळांच्या खोलीत लावतात तो रात्री दिसणारा छोटा कॅमेरा तिने शेजाऱ्यांकडून मागून आणला आणि पेटीवर लावला. २ फेब्रुवारीच्या रात्री अकरा वाजता तिने मला एक चित्र पाठवलं. खोक्याच्या तोंडातून लाडूचं डोकं बाहेर, जमिनीला टेकलेलं, आणि मागे मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडलेली. तासभर तशीच, न हलता. ही दबा धरून बसायची ठेवण आहे. लाडू शिकारीला बसली होती. तिला भूक होती.

दुसरी गोष्ट जंगलातली. आग्नेय नायजेरियात या अजगरांच्या आहाराचा अभ्यास झाला आहे. त्यात सत्तर सेंटीमीटरपेक्षा लहान अजगर मुख्यतः छोटे पक्षी खाताना आढळले, आणि मोठे अजगर उंदरांसारखे प्राणी. लाडू त्या वेळी साधारण पासष्ट सेंटीमीटर होती. शिकारी पक्ष्यांसाठी इथे कोंबडीची एका दिवसाची गोठवलेली पिल्लं मिळतात. एक आणून वितळवलं आणि त्याच्या पिसांवर उंदराचं डोकं चांगलं घासून घेतलं, बस एवढंच. उंदीरही लहान घेतला, पंधरा ग्रॅमचा. उपासानंतर पहिला घास बेताचाच असावा.

३ फेब्रुवारी, रात्री नऊ. कॅमेऱ्यात डोकं बाहेर आलेलं दिसल्यावर मगच आई खोलीत गेली. अंधारात, बाजूने, हात जमिनीलगत ठेवून तिने उंदीर दगडावर ठेवला आणि दार लोटलं. मग सगळे खालच्या मजल्यावर त्या छोट्या पडद्याभोवती. मी माझ्या घरी फोनवर.

चाळीस मिनिटं काहीच झालं नाही. मग जीभ, आधी सावकाश, मग भरभर. डोकं बोटभर पुढे सरकलं, थांबलं, पुन्हा बोटभर. आणि मग झेप, इतकी झटकन की पडद्यावर ती दिसलीच नाही. एका चित्रात उंदीर दगडावर होता आणि पुढच्या चित्रात तिच्या दोन वेटोळ्यांत. मेलेल्या उंदराला तिने आठ मिनिटं आवळून धरलं. मग वेटोळं सैल करून ती मऊ हालचालींनी त्याच्या अंगावर नाक फिरवत राहिली, डोकं शोधत. शेपटीकडून सुरुवात केली तर पाय अडतात, हे त्यांना कोणी शिकवत नाही. डोकं सापडलं. जबडा आधी डाव्या बाजूने पुढे, मग उजव्या. शेपूट शेवटी ओठांतून दोऱ्यासारखी आत गेली, आणि लाडूने दोन मोठ्या जांभया देऊन जबडा जागेवर बसवला. आई फोनवर रडत होती. मागून आजींचा आवाज आला, "हळू बोला गो, तिला ऐकू जाईल."

२९ सप्टेंबर ते ३ फेब्रुवारी. १२७ दिवस.

पिल्लाच्या वासाने काम केलं का? मला खात्रीने म्हणता येणार नाही. वास नसता तर ती आणखी दहा दिवसांनी जेवली असती, अशीही शक्यता आहे. त्यानंतरचा क्रम बघितला तर वासाचा थोडाफार हात होता असं वाटतं: १२ फेब्रुवारीला बिनवासाचा उंदीर नाकारला, १९ ला वासाचा घेतला, १ मार्चला बिनवासाचाही घेतला. पण ज्यांना हे वाचून लगेच कोंबडीचं पिल्लू आणायला धावावंसं वाटेल त्यांना मी आधी जमिनीचं तापमान मोजायला सांगेन. माझ्या अनुभवात न जेवणारे निम्म्याहून अधिक बॉल पायथन नुसत्या ऊब, अंधार आणि एकांतावर खायला लागले आहेत. वास, रंगीत चिमटे, जागा बदलून खायला घालणं, या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

आणि जिवंत उंदीर? वडिलांनी जानेवारीत एकदा हळूच विचारलं होतं. नको. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो, आणि न जेवणारा, गोळा होऊन बसलेला साप स्वतःला वाचवू शकत नाही. पाठीच्या कण्यापर्यंत कुरतडलेले साप आमच्या टेबलावर आले आहेत. उंदराच्या बाजूनेही ते क्रूरच.

या काळात मुलीच्या पुण्यातल्या मावसभावालाही साप पाळावासा वाटला, म्हणून एवढं लिहिते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचे साप घरात ठेवणं गुन्हा आहे, बागेत सापडलेला बिनविषारी असला तरीही. बॉल पायथनसारख्या, वन्यप्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या विदेशी जातींची, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, सरकारकडे नोंद करावी लागते. कागद नसलेला स्वस्त अजगर कोणी देत असेल तर तो घेऊ नये. असे प्राणी कशा पिशव्यांतून येतात हे विमानतळांवरच्या बातम्यांतून वारंवार दिसतं, आणि तसा आलेला जीव तर लाडूहून कितीतरी जास्त घाबरलेला असतो.

मार्चअखेर आजी रत्नागिरीला परत गेल्या. वही मुलीकडे ठेवून गेल्या. लाडूचं वजन २८ मार्चला ३२२ ग्रॅम होतं, घरी आली त्यापेक्षा दहा जास्त. मुलगी आता तिला आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं हातात घेते, आणि जेवणानंतर तीन दिवस अजिबात नाही. परवा तिने मला वहीतलं आजींच्या हातचं शेवटचं पान पाठवलं:

२३ मार्च. लहान जातीचा उंदीर, वास न लावता. रात्री ९ वाजता ठेवला. बघायला गेले नाही.